विषारी पाला खाणारी अळी

काष्टीचा बाजार शनिवारी भरतो. नगर-दौंड रस्त्याने बैल, गाई, शेळ्या भरलेल्या गाड्या पहाटेपासून येऊ लागतात. शनिवार हा मारुतीचाही वार. म्हणून बाजाराला जाता जाता कोणी ना कोणी रुईची पाने तोडतो, माळ ओवतो आणि मारुतीच्या गळ्यात घालतो. रुई शोधायला लांब जावे लागत नाही. रस्त्याच्या कडेला, पडीक माळावर, रेल्वेच्या रुळाजवळ ती आपोआप उगवते. तिला पाणी नको, खत नको. उन्हाळ्यात सगळे रान वाळते, तरी रुई हिरवीच असते. जनावर सहसा तिला तोंड लावत नाही.

पावसाळ्यात किंवा त्यानंतर दोन-तीन महिन्यांत पाने तोडाल, तेव्हा एक करा. पान उलटून पहा. दहा-वीस झाडे पाहिलीत तर एखाद्या पानाखाली एक अळी नक्की सापडेल. करंगळीपेक्षा बारीक आणि करंगळीहून थोडी आखूड. अंगावर काळे-पांढरे पट्टे आणि मधून मधून पिवळे ठिपके. पाठीवर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या. हात लावला तर ती डसत नाही, चावत नाही. रुईचे पान कुरतडीत बसते.

रुईचा चीक विषारी, हे आपल्याला आजीपासून ठाऊक आहे. मग ही अळी तेच पान खाऊन जगते कशी? आम्ही छत्तीस वर्षे शाळेत मुलांना शिकवले. हा प्रश्न कधी एका मुलाने आम्हाला विचारला नाही आणि आम्हालाही तो पडला नाही. आम्ही सेवेतून मोकळे झाल्यावर शेजारची एक शेळी मेली, तेव्हा तो पडला.

ती हकिकत आमच्याच चुकीची आहे, म्हणून सांगतो.

आमच्या घराला कण्हेरीचे कुंपण आहे. तांबडी फुले येतात, देवाला होतात. 2016 सालच्या उन्हाळ्यात चाऱ्याची फार टंचाई होती. त्याच दिवसांत आम्ही कुंपण छाटले आणि फांद्या बाहेर वाटेच्या कडेला टाकून दिल्या. मनात म्हटले, वाळल्या म्हणजे जाळून टाकू. शेजारच्या आक्कांची एक दुभती शेळी होती. घरातले मीठ-मिरची तिच्या दुधावर चाले. हिरवी कण्हेर शेळी एरवी हुंगून सोडून देते. ती कडू असते. पण छाटलेली पाने सुकली की त्यांचा कडूपणा जनावराला तितका लागत नाही. विष मात्र तसेच राहते. दावे तुटलेली ती शेळी त्या ढिगाजवळ गेली आणि तिने चार तोंडे मारली. संध्याकाळी तिच्या तोंडातून लाळ गळू लागली. पोट बिघडले. पाय लटपटले. जनावरांच्या डॉक्टरला निरोप जाईपर्यंत ती खाली पडली होती.

आक्का आम्हाला एक शब्द बोलल्या नाहीत. ते आम्हाला जास्त लागले. पुढे आम्ही शेळीची किंमत दिली, ती त्यांनी दोन वेळा परत पाठवली आणि तिसऱ्या वेळी घेतली.

मग पाऊस झाला. कुंपण पुन्हा फुटले. श्रावणात आक्का फुले तोडायला आल्या आणि त्यांनी आम्हाला हाक मारली. "गुरुजी, हिकडं या. ह्याच पाल्यानं माझी शेळी गेली. आन् ही अळी बघा, टरारून फुगलीया!" कण्हेरीच्या कोवळ्या शेंड्यावर एक तांबूस-तपकिरी अळी होती. अंगावर पांढऱ्या आडव्या रेघा आणि शिंगांच्या चार जोड्या. आरामात पान खात होती. आक्का म्हणाल्या, "हिला काय होत न्हाई व्हय? तुम्ही मास्तर, तुम्ही सांगा."

आम्हाला सांगता आले नाही. आम्ही जुने मॅट्रिक. आमच्या वेळी पुस्तकात फुलपाखराचे चित्र होते, त्याखाली चार ओळी होत्या, बस्स. मग आम्ही वाचले, विचारले, आणि पुढची चार वर्षे रुई आणि कण्हेर उलटून पालटून पाहत राहिलो. लोक म्हणाले, गुरुजींना नाद लागला. जे कळले ते या पाठात सांगतो.

प्रथम विषाचे. रुई आणि कण्हेर ही दिसायला वेगळी झाडे. पण दोघींचे विष एकाच जातीचे आहे. ते हृदयावर, म्हणजे काळजाच्या ठोक्यावर काम करते. ठोका आधी चुकतो, मग मंद होतो, जास्त विष पोटात गेले तर थांबतो. पिवळी कण्हेर, जिला कोणी बिट्टी म्हणतात, तिच्या बियांतही असेच जहाल विष असते. मुले त्या बियांनी खेळतात. बी एखाद्या मुलाने तोंडात घातली असे कळले, तर घरचे उपाय करीत बसू नका. तडक दवाखाना गाठा आणि सोबत ती बी किंवा पान घेऊन जा, म्हणजे डॉक्टरला लगेच उमगते.

रुईचा चीक डोळ्यात गेला तर आणखी निराळा धोका आहे. कधी कधी दुखत फारसे नाही, पण दिसायला धुरकट लागते. दुखत नाही म्हणून माणूस स्वस्थ बसतो. तसे करू नये. स्वच्छ पाण्याने डोळा बराच वेळ धुवावा आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावे. माळेसाठी पाने तोडली की हात धुवावेत, मग डोळे चोळावेत.

हे विष अंगात जाऊन करते तरी काय? आपले अंग फार बारीक खणांचे बनले आहे. डोळ्यांना दिसणार नाहीत एवढे बारीक खण. त्यांना पेशी म्हणतात. मिठाचा अंश सारखा या खणांत झिरपत असतो. तो उपसून बाहेर टाकणारे बारीक पंप प्रत्येक खणाला असतात. विहिरीला पाझर असतो आणि मोटर पाणी उपसते, तसेच समजा. मोटर बंद पडली तर विहीर भरते. पेशीतला पंप बंद पडला तर पेशीचे काम बिघडते. काळजाचे स्नायू या पंपांवर फार अवलंबून असतात. रुईचे किंवा कण्हेरीचे विष या पंपाच्या खाचेत पाचरीसारखे जाऊन बसते आणि पंप अडकवते. शेळीचा पंप असा अडकला. आपलाही तसाच अडकेल.

रुईवरच्या अळीतही पंप आहेत. पण तिच्या पंपाची खाच जरा वेगळ्या घडणीची आहे. पाचर तिथे नीट बसत नाही. पंप चालू राहतो. सारी मेख या एवढ्याशा फरकात आहे.

हे कशावरून, असे कोणी विचारील. विचारावेच. अमेरिकेत मोनार्क नावाचे एक फुलपाखरू आहे. ते आपल्या रुईवरच्या फुलपाखराचे भाऊबंद आणि तेही रुईच्याच कुळातल्या चिकाच्या झाडांवर वाढते. त्याच्या पंपात तीन ठिकाणी फरक दिसला. 2019 साली तिथल्या शास्त्रज्ञांनी तेच तीन फरक साध्या माशीत करून पाहिले. पिकलेल्या केळ्यावर घोंगावते ना, ती चिलटासारखी माशी. तीन फरक केल्यावर ती माशी हे विष मिसळलेले अन्न खाऊन जगली. त्यातले किंचित विष तिच्या अंगात राहिलेही. एका साध्या माशीला त्यांनी रुईवरच्या अळीसारखे करून दाखवले.

आता अळी खाते कशी ते पहा. हे तुम्ही स्वतः पाहू शकाल, त्याला दुर्बीण लागत नाही. मादी रुईच्या पानाखाली एकेक अंडे घालते. खसखशीच्या दाण्याहून जरा मोठे, पांढुरके. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते. तिचा पहिला घास म्हणजे अंड्याचे टरफल. ते संपले की ती पानाकडे वळते. इथे तिच्यापुढे संकट उभे असते, पण ते विषाचे नव्हे, चिकाचे. रुईचा चीक डिंकासारखा चिकट. सुतासारख्या बारीक अळीचे तोंड त्यात चिकटले की ती तिथेच मरते. अशा कितीतरी अळ्या पहिल्याच दिवशी मरतात.

म्हणून ती एक युक्ती करते. अगदी लहान असताना ती पानाला गोल खाच पाडते. खाचेतून चीक वाहून जातो आणि मधल्या भागात चीक कमी येतो. मग ती मधला भाग खाते. मोठी झाली की ती देठाजवळची जाड शीर चावते. चीक तिथेच ठिबकून जातो, पान खाली लोंबते, आणि अळी पुढे सरकून टोकाकडून पान खाते. आपण पाटाचे पाणी वरच्या अंगाला फोडून देतो आणि खालचे वाफे कोरडे करतो, त्यातलाच हा प्रकार. आम्ही पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा उन्हात तासभर तसेच उभे राहिलो होतो. लोंबणारे रुईचे पान दिसले की आता आम्हाला अळी शोधावी लागत नाही.

सुमारे दोन आठवडे ती खाते. मधून मधून सापासारखी कात टाकते. मग पानाखाली किंवा जवळच्या काडीला उलटी लटकते आणि कोष करते. कोष म्हणजे अळीचे बंद घर. तो हिरवा किंवा फिकट गुलाबी असतो आणि त्यावर सोन्याचे ठिपके असतात. आठ-दहा दिवसांनी त्यातून फुलपाखरू निघते. थंडीत जास्त दिवस लागतात.

ते फुलपाखरू तुम्ही हजार वेळा पाहिले आहे. नारिंगी पंख, पंखांच्या टोकाला काळा रंग आणि त्यात पांढरे ठिपके. इंग्रजीत त्याला प्लेन टायगर, म्हणजे साधा वाघ म्हणतात. ते आफ्रिकेतही आहे. इजिप्त देशात सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी रंगवलेल्या चित्रात ते आहे. म्हणजे माणसाच्या नजरेत ते फार पूर्वीच भरले होते.

आता याचे उडणे पहा. इतर फुलपाखरे झटके देत, वाकडीतिकडी उडतात. हे मात्र सावकाश, एखाद्या सावकारासारखे उडते. त्याला पाखरांची भीती नाही. कारण अळीने खाल्लेले विष वाया गेलेले नाही. थोडे अंगात साठवून ठेवलेले आहे. कोषात ते राहिले, फुलपाखरातही आले. ज्या पाखराने एकदा ते खाल्ले, त्याला ते पुन्हा नको असते.

हेही अमेरिकेत करून पाहिले आहे. लिंकन ब्राऊअर नावाच्या शास्त्रज्ञाने पाळलेल्या निळ्या जे पक्ष्यांना मोनार्क फुलपाखरे खायला दिली. विषारी झाडावर वाढलेले फुलपाखरू खाल्ल्यावर थोड्याच वेळात पक्ष्याला ओकारी झाली. नंतर त्या पक्ष्याने तसले फुलपाखरू तोंडात घेतले नाही. पण विष फुलपाखराचे स्वतःचे की झाडाचे, हे कसे कळावे? त्यांनी मोठ्या खटाटोपाने काही मोनार्क कोबीच्या पानांवर वाढवले. कोबीवरची फुलपाखरे पक्ष्यांनी खुशाल खाल्ली, काही झाले नाही. म्हणजे विष झाडाचेच. अळीने ते उसने घेतलेले. हे काम 1967 ते 1969 या काळात छापून आले.

एवढे वाचल्यावर आम्ही आक्कांना मोठ्या ऐटीत सांगून टाकले की कण्हेरीवरची अळीही असेच विष साठवते. पुढे वाचले तेव्हा कळले की आम्ही चुकीचे सांगितले होते. त्यांच्याकडे जाऊन ते दुरुस्त करावे लागले.

कण्हेरीवरच्या त्या चार शिंगजोड्यांच्या अळीचे फुलपाखरू गडद तपकिरी, काळपट असते. पंखांच्या कडेला पांढरे ठिपके. त्याला इंग्रजीत कॉमन क्रो, म्हणजे साधा कावळा म्हणतात. ही अळी कण्हेर खाते, तशी वड, उंबर आणि उपळसरीही खाते. कण्हेरीचे विष तिला बाधत नाही, पण ती ते साठवीतही नाही. शास्त्रज्ञांनी तिचे कोष आणि फुलपाखरे तपासली, त्यांत हे विष सापडले नाही. ते तिच्या अंगातून निघून जाते. तरीही पाखरे हे काळे फुलपाखरू खायला नाखूष असतात. मग त्याच्या अंगात काय आहे?

त्याचे उत्तर आपल्या बांधावर आहे. भुरुंडी हे तण तुम्हाला माहीत आहे. निळसर-पांढऱ्या फुलांचा तुरा विंचवाच्या नांगीसारखा वळलेला असतो. खुळखुळा माहीत आहे. शेंग वाळली की वाजते. ही झाडे वाळली किंवा मोडली की त्यांवर ही काळी फुलपाखरे आणि रुईची नारिंगी फुलपाखरे गोळा होतात. त्यांत बहुतेक नर असतात. फूल नाही, मध नाही, तरी वाळक्या काडीवर सोंड टेकवून बसतात. या झाडांत दुसऱ्या जातीचे कडू विष असते. ते नर शोषून घेतात. त्याने अंग कडू होते, आणि त्याच्यापासूनच मादीला भुलवणारा वास तयार होतो. म्हणजे रुईचे फुलपाखरू लहानपणी शिदोरी बांधून घेते. कण्हेरीचे मोठेपणी कमावते. आक्कांना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "माणसात बी दोन्ही तऱ्हा हायेत की."

तिसरी एक तऱ्हा आहे, तीही सांगून टाकतो. घोळीची भाजी आपण खातो. तिच्यात विष नाही. त्या घोळीवर एक काटेरी अळी वाढते. तिच्यातून नर निघाला तर तो काळा असतो, पंखांवर मोठे पांढरे गोल आणि त्यांभोवती जांभळी झाक. मादी निघाली तर मात्र ती नारिंगी, टोकाला काळी, पांढऱ्या ठिपक्यांची. हुबेहूब रुईचे फुलपाखरू! अंगात विषाचा थेंब नाही, नुसते सोंग. पण ज्या पाखराने एकदा रुईच्या फुलपाखराचा कडू घास घेतला आहे, ते हिलाही सोडून देते. बेट्स नावाच्या इंग्रज माणसाने दक्षिण अमेरिकेच्या जंगलात अशी सोंगे पाहिली आणि 1862 साली त्यांच्यावर लिहिले. आपल्याकडे हे घोळीच्या वाफ्यात चालले आहे. आम्ही दोन्ही फुलपाखरे शेजारी शेजारी पाहिली तेव्हा आमची फसगत झाली. मागच्या पंखावर पहावे. रुईच्या फुलपाखराच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी तीन-चार काळे ठिपके असतात. सोंगाच्या मादीला बहुधा वरच्या कडेजवळ एकच असतो.

विष असले म्हणून रुईची अळी अमर नाही. बारीक गांधीलमाशीच्या जातीचे किडे तिच्या अंगात अंडी घालतात. त्यांची पिल्ले अळीला आतून खातात. त्यांना रुईचे विष फारसे अडवत नाही. काही माश्याही असेच करतात. आम्ही एकदा पाच अळ्या काचेच्या बरणीत रुईची पाने घालून ठेवल्या. दोन फुलपाखरे झाली. एक अळी चिकात गेली. दोघींतून माश्या निघाल्या. शिवाय सगळ्याच अळ्यांत सारखे विष नसते. ज्या झाडात चीक कडक, त्यावरची अळी जास्त कडू.

आता रोजच्या कामाची गोष्ट. 2022 च्या पावसाळ्यात बीड जिल्ह्यात आणि आपल्याकडे घोणस अळीचा फार बोभाटा झाला. उसात, गवतात ती सापडे. हिरवट, बुटकी, अंगभर काटे. तिचा काटा लागला की आग होते, काहींना दवाखान्यात न्यावे लागले. मोबाइलवर बातम्या फिरल्या की ती घोणस सापासारखी विषारी आहे, माणूस मरतो. तसे नाही. नाव घोणस पडले एवढेच. ती एका पतंगाची अळी. काटे लागले तर त्या जागेवर चिकटपट्टी लावून उचलावी, म्हणजे रुतलेले काटे निघतात. मग बर्फ लावावा, खाण्याच्या सोड्याचा लेप लावावा, आणि त्रास वाढला तर डॉक्टरकडे जावे.

त्या दिवसांत लोक कोणतीही अळी दिसली की मारू लागले. वस्तीवरचा एक तरुण पाठीवर पंप बांधून निघाला आणि त्याने वाटेवरच्या रुईवर औषध मारायला सुरुवात केली. आम्ही त्याला थांबवले. रुईवरची अळी उचलून स्वतःच्या तळहातावर ठेवली. ती इकडून तिकडे चालत गेली. तो म्हणाला, "गुरुजी, पण ही विषारी आहे ना?" विषारी आहे, पण विष तिच्या पोटात, काट्यात नाही. घोणस अळीचे विष काट्यात. एक खाणाऱ्याला बाधते, दुसरी शिवणाऱ्याला. हा भेद त्याला तिथे कळला. मग त्याने विचारले, ही ज्वारीवर जाईल का, लिंबावर जाईल का? नाही जात. रुईवरून उचलून ज्वारीवर ठेवली तर ती उपाशी मरेल, पण ज्वारी खाणार नाही. तिच्या आयुष्याला रुई बांधलेली आहे.

आपल्या श्रीगोंदे तालुक्यात लिंबाच्या बागा पुष्कळ आहेत. लिंबावर जी अळी येते ती निराळीच. लहानपणी ती पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, काळी-पांढरी. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. डिवचली तर डोक्यामागून तांबूस दुहेरी शिंग काढते आणि उग्र वास सोडते. तिच्यात रुईसारखे विष नाही, म्हणून ती लपून राहते. रुईची अळी रंग दाखवीत उघड बसते. कोवळ्या रोपांवर लिंबाची अळी नुकसान करते, हे खरे. पण दहा-वीस रोपे असतील तर अळ्या हाताने वेचता येतात. मोठ्या झाडाला चार पाने गेल्याने काही होत नाही. फवारायचेच झाले तर कृषी सहायकाला विचारून, डब्यावरचे वाचून, तोंडाला फडके बांधून, वाऱ्याकडे पाठ करून फवारावे. आता तुम्हाला डब्यावरचे वाचता येते.

हे आम्ही उगाच सांगत नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर दगावले. शेकडो जण आजारी पडले. अळीच्या अंगात विष सोसण्याची घडण आहे. तुमच्या-आमच्या अंगात ती नाही.

आमचे कण्हेरीचे कुंपण अजून आहे. ते काढून टाका असे आम्हाला पुष्कळांनी सांगितले. आम्ही आक्कांना विचारले. त्या म्हणाल्या, देवाला फुलं कुठून आणू? म्हणून ठेवले. पण छाटणी आता आम्ही स्वतः उभे राहून करतो. फांद्या मोजून गोळा करतो आणि परसात खोल खड्डा करून पुरतो. जाळीत नाही, कारण कण्हेरीचा धूरही अंगाला वाईट. तिच्या काड्या चुलीत घालू नयेत. पडलेली पाने झाडून त्याच खड्ड्यात टाकतो. हुरड्याच्या दिवसांत मुले काड्यांना कणसे खोचून भाजतात, त्यांनाही सांगून ठेवले आहे की काडी कण्हेरीची घेऊ नका.

गेल्या भाद्रपदात आक्कांच्या नातीने कुंपणात एक कोष पाहिला. कण्हेरीवरच्या अळीचा कोष आरशासारखा चकाकतो. चांदीचा मुलामा दिल्यासारखा. आपले तोंड त्यात वाकडेतिकडे दिसते. आक्का जवळ येऊन बघत राहिल्या. म्हणाल्या, "बुगडीवानी दिसतंय, गुरुजी." नातीने रोज सकाळी येऊन पाहण्याचा नेम धरला. नवव्या दिवशी कोष काळवंडला. दहाव्या दिवशी ती धावत आली तेव्हा फुलपाखरू बाहेर येऊन रिकाम्या कोषाला धरून लटकले होते. पंख ओले आणि चुरगळलेले. हळूहळू ते उन्हात ताणले गेले, काळे, कडेला पांढऱ्या ठिपक्यांचे.

आक्कांची नवी शेळी अंगणात बांधलेली होती. काष्टीच्या बाजारातूनच आणलेली, दोन पिल्लांची. ती दोर ताणून कुंपणाकडे मान करू लागली. नात फुलपाखराकडे बघत होती. आक्का उठल्या, खुंटा उपटला आणि चार हात मागे नेऊन दगडाने ठोकला.